प्रवचनाचा उत्तरार्ध

पुढचा दात तुटलेली बाई काउंटरपाशी आली तेव्हा पाळकीणबाई फोनवर कुणाला तरी मंगळवारची वेळ देत होती. दातांच्या त्या दवाखान्यात पेशंटला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. डॉक्टरीणबाई आतूनच विचारायच्या, “अक्कलदाढ गेली का? मग कवळीला पाठवा,” आणि अक्कलदाढ गाल धरून बाहेर पडायची, कवळी सुनेचा हात धरून आत जायची. त्या हिशेबाने ही ‘पुढचा दात’. तिने तोंडावर रुमाल धरला होता आणि रुमालामागून ती हसत होती, उशिरा पोचलेली पाहुणी हसते तशी. “काय झालं?” पाळकीणबाईने रजिस्टर ओढत विचारलं. “बाथरूममध्ये घसरले,” बाई म्हणाली. उत्तर इतकं तयार होतं की प्रश्न पुरता संपायच्या आत आलं. मग तिने रुमाल जरा खाली केला, निरखून पाहिलं आणि एकदम म्हणाली, “अय्या, तुम्ही पाळकीणबाई ना? चर्चमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसतो. तुम्ही नसेल ओळखलं.” पाळकीणबाईने ओळखल्यासारखी मान हलवली. “तुमच्या पाळकसाहेबांचे फार उपकार आहेत हो माझ्यावर. मी माहेरी निघून गेले होते. परत जायचंच नाही असं ठरवलं होतं. आणि एका रविवारी साहेबांचं ते प्रवचन ऐकलं, नवऱ्याच्या अधीन असण्यावरचं. दुसऱ्या दिवशी बॅग भरली. फार शांती मिळाली.” ‘शांती’ म्हणताना तुटक्या दातामधून हवा निसटली, आणि बाईने पुन्हा रुमाल वर घेतला.

त्या प्रवचनातला शब्द न् शब्द पाळकीणबाईचा होता. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यांतलं एक ते सोयीने विसरलेलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनची रीत होती ती. शनिवारी संध्याकाळी ती साहेबांचा उपासनेचा पांढरा झगा इस्त्रीला घ्यायची, साहेब समोरच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे, आणि ती बोलायची. कागद नाही, पेन नाही. कागदावरून वाचताना साहेबांची जीभ अडखळायची, पण कानावरून गेलेलं त्यांना टेपरेकॉर्डरसारखं पाठ व्हायचं. कॉलर होईपर्यंत प्रस्तावना, दोन बाह्यांना दोन मुद्दे, पुढच्या घोळाला एखादी घरगुती गोष्ट, आणि पाठीचा मोठा सपाट भाग आला की उपदेश. रविवारी तेच सगळं पुलपिटाच्या उंच चौथऱ्यावरून खाली यायचं, आणि बाही उलटवताना ती जिथे थांबलेली असायची तिथे साहेबही थांबायचे. “साहेबांचं ते थांबणं!” चर्चचे खजिनदार म्हणायचे. “त्या एकेका थांबण्यात माणसाला आपलं पाप आठवतं.” त्या थांबण्यात इस्त्री गार झालेली असायची, एवढंच. आणि पाळकीणबाई तिसऱ्या बाकावर बसून स्वतःचंच बोलणं, नवऱ्याच्या भरदार आवाजात, डोकं खाली घालून ऐकून घ्यायची. सुरुवातीला त्यात गंमत होती. लपून दिलेल्या वस्तूसारखी. नंतर गंमत गेली आणि सवय राहिली. संसारात बहुतेक गोष्टींचं असंच होतं, असं ती स्वतःला सांगायची, आणि हे वाक्यही एका रविवारी साहेबांनी म्हटलेलं होतं.

अधीनतेचं प्रवचन तिने मुद्दाम दोन भागांत बांधलं होतं. शास्त्रातल्या प्रेषिताच्या पत्रात आधी बायकांना सांगितलंय की नवऱ्यांच्या अधीन असा. ते टाळून चालत नाही. पुस्तकात आहे, लोकांना पाठ आहे, काहींना तर तेवढंच पाठ आहे. म्हणून ते पूर्वार्धात घ्यायचं, झटकन, कडू औषध घेतात तसं. मग उत्तरार्ध. नवऱ्यांना त्याच पत्रात जे सांगितलंय ते बायकांपेक्षा कितीतरी लांबलचक आहे. बायकोवर स्वतःच्या शरीरासारखं प्रेम करा, तिच्यासाठी जीव द्यायची तयारी ठेवा, आपल्या अंगाचा कुणी कधी द्वेष केला आहे का. आणि या सगळ्याच्या आधी, दाराच्या चौकटीसारखं एक वाक्य, की सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन असावं. तो उत्तरार्ध तिने आठवडाभर काउंटरवर बसून, अक्कलदाढा आणि कवळ्या आत-बाहेर करता करता, मनात घोळवला होता. शनिवारी अर्धं सांगून झालं आणि लाइट गेली. ती थांबली नाही. इस्त्री बाजूला ठेवून अंधारातच तिने पुढचं सगळं सांगितलं, आणि अंधारात तिचा आवाज तिला स्वतःला चांगला वाटला. रविवारी साहेब अधीनतेवर आले, थांबले, ‘आमेन’ म्हणाले आणि खाली उतरले. लाइट गेल्यावर यांचा डोळा लागला असणार, तिने तेव्हा स्वतःची समजूत घातली. लोकही खूश होते. घरी जेवायला वेळेवर पोचता आलं.

डॉक्टरीणबाईंनी दात तपासला, एक्सरे काढला, माप घेतलं. तात्पुरता दात सोमवारी बसवू म्हणाल्या. बाई बाहेर जाऊन बसल्यावर त्या बेसिनपाशी हात धूत पाळकीणबाईला म्हणाल्या, “घसरलेला माणूस आधी हात टेकतो. हिच्या तळहातावर ओरखडा नाही.” पाळकीणबाईने रजिस्टरमध्ये सोमवारची वेळ लिहिली. “मी काही विचारत नाही हं,” डॉक्टरीणबाई टॉवेलला हात पुसत म्हणाल्या. “एकदा एकीला विचारलं, तर ती दाढ तशीच टाकून दुसऱ्या दवाखान्यात गेली. आपण दातापुरतं बघायचं.” एवढ्यात बाई उठून जिन्यापर्यंत गेली होती. पाळकीणबाई काउंटर सोडून तिच्या मागे गेली. जिन्यात फिनेलचा वास होता आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर सरकवत होतं. “एक सांगायचं होतं,” ती म्हणाली. “ते प्रवचन अर्धंच होतं.” बाई पायरीवर थांबली. “अर्धं? नाही हो, पूर्ण होतं. साहेब आमेन म्हणाले की.” “म्हणाले. पण पुढे नवऱ्यांबद्दल आहे. शास्त्रात आहे.” आणि तिने जिन्यात उभ्याउभ्या, आवाज खाली ठेवून, सगळा उत्तरार्ध सांगितला. बाईने शाळेतल्या मुलीसारखा नीट ऐकून घेतला. शेवटी रुमालामागून म्हणाली, “असेल हो. तुम्ही म्हणता म्हणजे असेलच. पण साहेब कुठे म्हणाले तसं? साहेब म्हणाले असते ना, तर यांनी ऐकलं असतं. यांना साहेबांचं फार आहे. तुम्ही-आम्ही म्हणून काय उपयोग?” आणि कुणी तरी आपल्याशी चार शब्द बोललं म्हणून आभार मानत ती खाली उतरून गेली.

घरी जाताना पाळकीणबाईची जीभ सारखी स्वतःच्या पुढच्या दाताला मागून लागत होती. दात शाबूत होता. जीभ तरी पुन्हा पुन्हा जाऊन खात्री करत होती. रस्त्यात एका दुकानासमोर टेम्पोतून मोठी काच उतरवत होते, आणि काचेत रस्ता, सिग्नल, ती स्वतः, सगळं तिरपं होऊन सरकलं. तुम्ही-आम्ही म्हणून काय उपयोग. हे काही आजचं नाही. प्रभूची कबर रिकामी आहे हे आधी बायकांना कळलं. उजाडता उजाडता सुगंधी द्रव्यं घेऊन त्या गेल्या होत्या. पुरुष शिष्य दारं लावून आत बसले होते. प्रभू उठला आहे, जा आणि त्यांना सांगा, असं बायकांना सांगण्यात आलं. त्यांनी जाऊन सांगितलं, आणि त्या पुरुषांना ते बरळणं वाटलं. मग एक उठून स्वतः बघून आला. सगळा धर्म ज्या एका बातमीवर उभा आहे ती बातमी बायकांनी आणली, आणि पुरुषांनी ती पडताळून घेतली, मगच ती बातमी झाली. विहिरीवर पाण्याला आलेल्या त्या बाईने गावच्या गाव प्रभूला बघायला बाहेर आणलं, आणि गावाने तिला काय ऐकवलं? आता तुझ्या सांगण्यावरून नाही, आम्ही स्वतः ऐकलंय. आणि ती दुसरी, जिने महागडं अत्तर आणून प्रभूच्या डोक्यावर ओतलं. जगात जिथे जिथे ही गोष्ट सांगितली जाईल तिथे तिथे हिची आठवण म्हणून हेही सांगतील, असं तिला खुद्द प्रभूकडून वचन मिळालं. लिहिणाऱ्याने ते वचन लिहून घेतलं आणि बाईचं नाव लिहायचं राहून गेलं. पाळकीणबाईला रस्त्यातच हसू आलं. वडील असते तर त्यांनाही आलं असतं. पण ते हसून पुढच्या पानावर गेले असते.

वडील पाळकांच्या विद्यालयात शास्त्र शिकवायचे. त्यांची नजर अधू झाली तेव्हा ती त्यांना विद्यार्थ्यांचे पेपर वाचून दाखवायला लागली, मग तीच गुण सुचवायला लागली, आणि शेवटी वडील नुसती सही करायचे. एका परीक्षेत प्रश्न होता, खजुराच्या झाडाखाली बसून लोकांचा न्याय करणाऱ्या स्त्रीवर. त्या स्त्रीने सेनापतीला लढाईला जा म्हटलं, आणि तो म्हणाला, तू बरोबर येणार असशील तर जातो. एका मुलाने लिहिलं होतं की त्या काळी लायक पुरुष मिळाला नाही म्हणून देवाने नाइलाजाने बाई नेमली. तिने त्याला नापासच केलं होतं. वडील म्हणाले, “कर काठावर पास. गरीब आहे. आणि आवाज बघ काय आहे त्याचा! आवाज असला की बाकीचं मिळतं.” पुढे दोन वर्षांनी वडिलांनी तिला त्याच मुलाच्या पदरात टाकलं, आणि बाकीचं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. बाकीचं म्हणजे ती.

पाळकांच्या बंगलीच्या दारातच खजिनदार भेटले, निघता निघता चपला शोधत. उद्या उपासनेनंतर चर्चची सभा होती. वरच्या मंडळाकडून विचारणा आली होती, की शिकलेल्या स्त्रीला पुलपिटावर चढू द्यावं का, ज्याच्या त्याच्या चर्चने ठरवावं. विचारणेला कारणही घरातलंच होतं: खजिनदारांची पुतणी शास्त्राची पदवी घेऊन, पहिला नंबर काढून परत आली होती. “आलात का पाळकीणबाई,” खजिनदार म्हणाले. “साहेबांना आज जरा लवकर मोकळं करा हं. उद्याचं प्रवचन दणक्यात झालं पाहिजे. मतं त्याच्यावरच पडणार.” “तुमची पुतणी काय म्हणते?” “ती काय म्हणणार! माझीच पुतणी आहे म्हणून तर सांगतो. अहो, शास्त्रात बाईला मान आहे, कोण नाही म्हणतं? घरात तर मी आमच्या हिच्या शब्दाबाहेर नाही. पण पुलपीट म्हणजे घर नव्हे. उद्या पोरीला पत्करणार कोण? नवरा खाली बाकावर आणि ही वर उभी!” स्वतःच्या विनोदावर ते मनापासून हसले, दुसरी चप्पल सापडली, आणि गेले. आत साहेब खुर्चीत बसलेच होते. “ऐकलंस ना?” ते म्हणाले. “जरा सौम्य सांग. कुणी दुखावायला नको. ना हो, ना नाही. पण नाहीकडे झुकलेलं.”

तिने इस्त्री लावली. झगा पसरला. पाणी शिंपडलं. साहेबांनी डोळे मिटले. गरम कापडाचा वास खोलीत पसरला, तो वास तिला एरवी बोलायला लावायचा. कॉलर झाली. “सांग ना,” साहेब म्हणाले. “आज एक बाई आली होती दवाखान्यात,” ती म्हणाली. साहेबांना वाटलं प्रवचन सुरू झालं, त्यांनी मान किंचित तिरपी केली. “पुढचा दात तुटलाय. माहेरी गेली होती, तुमचं प्रवचन ऐकून नवऱ्याकडे परत गेली. अधीनतेचं.” “अच्छा,” साहेब म्हणाले. “ते लोकांना आवडलं होतं.” “अर्धंच म्हणालात तुम्ही. मला वाटलं, लाइट गेल्यावर तुमचा डोळा लागला.” साहेबांनी मिटलेले डोळे उघडले नाहीत. ते वाईट नव्हते. ही त्यांच्याबाबतीतली अडचण होती. त्यांनी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, पगार आणून तिच्या हातात देत होते, तिच्या आजारपणात रात्र रात्र बसले होते. “डोळा नव्हता लागला,” ते शेवटी म्हणाले. “मला सगळं पाठ होतं. चार दिवस होतं, मग गेलं. न म्हटलेलं राहत नाही डोक्यात.” “मग?” “अगं, मी अर्ध्यावर आलो तेव्हा सगळ्यांच्या माना डोलत होत्या. पुरुषांच्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पुढचं म्हटलं असतं तर माना थांबल्या असत्या. तू वर उभी राहिली नाहीस कधी. थांबलेल्या माना वरून फार दिसतात.”

तिने बाही उलटवली नाही. इस्त्री बंद केली, वायर गुंडाळली, आणि कॉलरपुरता कडक झालेला झगा हँगरला लावून खुंटीवर टांगला. “हे काय?” साहेबांनी डोळे उघडले. “उद्याचं तुमचं तुम्ही बघा.” “म्हणजे काय?” “बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं लिहिलंय ना? राहते.” “अगं, तेच प्रेषित आधी म्हणतात ना, बाई प्रार्थना करते, संदेश देते तेव्हा तिने डोकं झाकावं. म्हणजे बोलत होत्याच की बायका. तूच तर सांगितलं होतंस मला.” “हो, मीच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “ते कधी म्हणालात वरून?” स्वयंपाकघरात जाऊन तिने भाजी चिरायला घेतली. मागे खुर्ची करकरली. साहेब उठून झग्यापाशी गेले असावेत, मग परत बसले असावेत. जेवताना ते एकदा काकुळतीने म्हणाले, “निदान सुरुवातीचं एक वाक्य तरी,” आणि तिने त्यांना भात वाढला.

रविवारी चर्च भरलेलं होतं. मत कुटुंबाला एक, म्हणजे पुरुषाला एक, तरी बायकाही सगळ्या आल्या होत्या. खजिनदारांची पुतणी पाळकीणबाईच्या शेजारी येऊन बसली. “काकू, काका रात्री दूध पिऊन शांत झोपले,” ती कानात म्हणाली. “म्हणजे माझं काही खरं नाही.” मागच्या बाकावर ती बाई होती, ओठ मिटून. शेजारी तिचा नवरा, भांग पाडलेला, स्वच्छ, पुस्तक उघडून जागा शोधून बायकोला दाखवणारा. साहेब पुलपिटावर चढले. झग्याला कॉलर सोडून सगळीकडे चुण्या होत्या, पण ते खालून कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. त्यांनी लोकांकडे पाहिलं. मग तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत होती, पण तिच्या चेहऱ्यावर घ्यावं असं काही नव्हतं. इतका वेळ ते गप्प राहिले की खजिनदारांनी समाधानाने डोळे मिटले. आणि मग साहेबांनी सुरुवात केली. पहिलंच वाक्य तिने ओळखलं. ते अधीनतेचंच प्रवचन म्हणत होते. पाठ असलेलं, आजच्या विषयाला जवळचं, आणि लोकांना एकदा आवडलेलं. जसंच्या तसं, पूर्वीपेक्षा सफाईने. माना डोलायला लागल्या. मागच्या बाकावरच्या गृहस्थांचीही डोलली, आणि त्यांच्या शेजारची, रुमालाआडची. साहेब शेवटच्या वाक्यावर आले, थांबले, आणि ‘आमेन’ म्हणाले.

“अजून राहिलंय,” पाळकीणबाई म्हणाली. आपण उभ्या आहोत हे तिला नंतर समजलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. त्या छताखाली तिने तो कधी एकटा ऐकला नव्हता. ती बोलायला लागली. नवऱ्यांना काय सांगितलंय ते. स्वतःच्या शरीरासारखं म्हणजे काय ते. आपला दात कुणी आपल्या हाताने पाडतं का, असं तिने विचारलं. हे मूळ उत्तरार्धात नव्हतं. सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन असावं, हे वाक्य सगळ्यांत आधी आहे आणि आपण ते कधी शेवटीसुद्धा म्हणत नाही, असंही ती म्हणाली. पहिल्या धक्क्यानंतर बाकांमधून कुजबुज उठली, पण ती रागाची नव्हती. “अगदी साहेबांसारखं!” मागून कुणीतरी कौतुकाने म्हणालं. “थांबणं पण तसंच!” दोघं-तिघं हसले. तिला वाटलं खाली बसावं, आणि वाटलं ओरडावं, आणि ती पुढचं वाक्य म्हणाली. तेवढ्यात खजिनदारांनी ऑर्गनवाल्याकडे पाहून बोट उचललं. ऑर्गन सुरू झाला, आणि गीतासाठी सगळं चर्च उठून उभं राहिलं. आता सगळेच उभे होते, म्हणून ती उभी आहे हे कुणाला दिसण्याचं कारण उरलं नाही. सगळेच तोंड उघडून काहीतरी म्हणत होते, तीही म्हणत होती. फक्त पुतणी तिच्याकडे बघत होती, आणि तिचं तोंड मिटलेलं होतं.

सभेत हात मोजायचीही गरज पडली नाही. अध्यक्ष म्हणून साहेबांनी स्वतः मत दिलं नाही, आणि ठराव अमुक एका काळापुरता बाजूला ठेवावा अशी मऊ भाषा सुचवली, जी सगळ्यांना पसंत पडली. बाहेर अंगणात हस्तांदोलनं चालली होती. मागच्या बाकावरचे गृहस्थ साहेबांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, “साहेब, वहिनींनाही एखादा रविवार द्या हो. नक्कल फक्कड करतात!” साहेब हसले, कारण हसण्यावाचून काय करणार. बाई दोन पावलं मागे उभी होती. पाळकीणबाई सरळ तिच्यापाशी गेली. “घरी चाललात?” “मग कुठे जाणार?” बाई म्हणाली, आणि हे तिने खरोखरच विचारल्यासारखं म्हटलं. “माझ्याकडे चला. ही समोर बंगली. आत्ता, अशाच. एक खोली रिकामी आहे.” बाईने बंगलीकडे पाहिलं. खिडकी, कुंड्या, दारावरची पाटी. बराच वेळ पाहिलं. एखाद्या घराचा अंदाज घेतात तसं पाहिलं, आणि पाळकीणबाईला वाटलं, येते. मग बाई हळूच म्हणाली, “साहेबांना विचारलंत?” “नाही,” पाळकीणबाई म्हणाली. “विचारायचं काय त्यात?” “नाही विचारलंत?” बाईच्या डोळ्यांत तिच्याविषयी काळजी आली, जशी नवीन लग्न झालेल्या मुलीविषयी येते. “मग नको हो, उगाच तुमच्या घरात माझ्यामुळे.” गृहस्थांनी लांबून हाक मारली, रागाने नाही, नेहमीच्या आवाजात, आणि बाई लगेच वळली.

दुपारी जेवण झाल्यावर साहेब पलंगावर आडवे झाले होते. पाळकीणबाई खिडकीशी बसून होती. “मी रागावलेलो नाही,” साहेब म्हणाले. तिने विचारलं नव्हतं. “ते तू जे म्हणत होतीस ना, ऑर्गनमुळे शेवटचं नीट ऐकू आलं नाही. स्वतःच्या शरीरासारखं, आणि मग त्या दाताचं. त्याच्या पुढे काय होतं?” “कशाला हवंय?” “चांगलं होतं. पुढच्या रविवारी घ्यावं म्हणतो. आता मत होऊन गेलंय. आता कुणाच्या माना थांबायचं काही कारण नाही.” ते अगदी सरळपणे बोलत होते. तिला वाटलं, उठावं आणि या खोलीतून, या बंगलीतून चालू लागावं. एक शब्द यापुढे या माणसाच्या कानावर पडू देऊ नये. वरून काय म्हणायचंय ते म्हणू दे, नाहीतर उभं राहू दे तसंच. हा विचार तिला थंड पाण्यासारखा बरा वाटला, आणि ती त्यात काही वेळ राहिली. पण त्या पाण्यातही ती बाई होती, ‘साहेब म्हणाले असते ना’ असं म्हणणारी, पुढच्या रविवारी मागच्या बाकावर नवऱ्याशेजारी येऊन बसणारी, नवा दात बसवून. तिथपर्यंत पोचायला दुसरा रस्ता नव्हता. पाळकीणबाईने शोधून पाहिला होता.

“पूर्वार्ध म्हणायचा नाही,” ती म्हणाली. “तो झालाय दोनदा. नवऱ्यांपासून सुरुवात करायची. मग लाइट जाऊ दे, नाहीतर तुम्हाला मध्येच आमेन सुचू दे.” साहेबांनी डोळे मिटले. “दाताचं सुरुवातीलाच घ्यायचं. आणि ते म्हणताना मागच्या बाकाकडे बघायचं. शेवटपर्यंत.” “तिथे कोण आहे?” “बघायचं फक्त.” मग तिने पहिलं वाक्य सांगितलं, हळू, शब्द सुटे सुटे करून. साहेबांनी ते एकदा मनातल्या मनात घोळवलं आणि मोठ्याने म्हटलं. तो भरदार, पोक्त आवाज दुपारच्या बंद खोलीत भरून राहिला. सकाळी तिच्या तोंडी जे वाक्य नक्कल ठरलं होतं, ते त्या आवाजात एकदम खरं वाटलं. तिलासुद्धा.